दोनदा लावला की शून्य

फिरत्या भोवऱ्याकडे आपण बाहेरून पाहतो. जमीन स्थिर, आर जमिनीवर टेकलेली आणि भोवरा डोलत, कलत स्वतःभोवती गरगरणारा. लेओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकात हा हिशेब उलट्या बाजूने मांडला. निरीक्षक भोवऱ्यावरच बसवायचा. मग त्याच्या लेखी भोवरा जागच्या जागी असतो आणि जग फिरत असते. त्या फिरत्या जगातली एकच गोष्ट त्याच्या समीकरणांना लागते: ‘खाली’ म्हणजे कोणत्या बाजूला? गुरुत्वाकर्षणाची ती दिशा म्हणजे एक एकक लांबीचा बाण समजू. भोवरा फिरेल तसे बाणाचे टोक एका गोलाच्या पृष्ठभागावर हिंडत राहते. पूर्व-पश्चिमेचा इथे काही संबंध नाही; उभ्या रेषेभोवती सगळी मांडणी कितीही वळवली तरी भोवऱ्याला त्याचे सोयरसुतक नसते.

आता मोजदाद करू. बाणाचे टोक ज्यावर हिंडते ते गोलपृष्ठ दोन मितींचे. भोवऱ्याचा कोनीय वेग मात्र तीन मितींचा: कोणत्याही अक्षाभोवती, कितीही वेगाने फिरता येते. कोनीय वेग दिला की बाण कुठे सरकेल ते लगेच सांगता येते. बाण आणि कोनीय वेग यांचा सदिश गुणाकार करायचा, की झाले. म्हणजे गोलाच्या प्रत्येक बिंदूवर हालचालीचे तीन स्वतंत्र पर्याय आहेत आणि त्यांतून प्रत्यक्ष सरकण्याच्या दिशा मिळतात दोनच. तिसरा पर्याय कुठे गेला? भोवरा बरोबर उभ्या रेषेभोवती फिरत असेल तर बाण जागचा हलत नाही. फिरणे आहे, पण गोलावर त्याची खूण उमटत नाही.

हे जे ‘गोलाच्या प्रत्येक बिंदूवर तीन पर्याय’ आहेत, त्याला आजची विकलन भूमिती ली अल्जिब्रॉइड म्हणते. ऑयलरला हे नाव माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ते येईपर्यंत आणखी दोनशे वर्षे जायची होती. वजनदार भोवऱ्याची समीकरणे पूर्णपणे सोडवता येतील अशा मोजक्याच परिस्थिती आहेत. त्यांतली एक सोफ्या कोवालेव्हस्कायाने शोधली आणि १८८८ साली पॅरिसच्या अकादमीने तिला बोर्दें पारितोषिक दिले. काम इतके सरस ठरले की रक्कम तीन हजारांवरून पाच हजार फ्रँक करण्यात आली. पण समीकरणे सुटोत वा न सुटोत, त्यांच्यामागचा सांगाडा प्रत्येक भोवऱ्यात तोच असतो, आणि हे प्रकरण त्या सांगाड्याविषयी आहे.

सांगाड्याचे तीन भाग. पहिला, एक अवकाश: गोल, टोरस, प्रतल, काहीही गुळगुळीत चालेल. गणिती त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. दुसरा, त्याच्या प्रत्येक बिंदूवर बसवलेले एक सदिश अवकाश, म्हणजे त्या ठिकाणी उपलब्ध असलेल्या ‘हुकमां’चा साठा. तिसरा भाग म्हणजे अँकर: प्रत्येक हुकमाला त्या बिंदूवरच्या प्रत्यक्ष सरकण्याशी जोडून देणारा नियम. एखाद्या हुकमाने काहीच सरकत नसेल तर अँकर त्याला शून्य देतो. हुकमांमध्ये एक ब्रॅकेटही असतो: ‘आधी क मग ख’ आणि ‘आधी ख मग क’ यांतला फरक तो मोजतो. ब्रॅकेटवर दोन अटी. एक याकोबीची सुप्रसिद्ध अट, जी तीन हुकूम एकत्र आले की हिशेब जुळतो याची हमी देते. दुसरी लाइबनित्सची: ख या हुकमाला जागोजाग बदलणाऱ्या फ या फलनाने गुणले, तर क आणि फख यांच्या ब्रॅकेटमध्ये फ पट जुना ब्रॅकेट तर येतोच, शिवाय ‘क च्या अँकरच्या दिशेने फ किती बदलतो’ हे ख ला लागून येते. बस. अँकरने ब्रॅकेट जपला पाहिजे अशी तिसरी अट बरीच वर्षे पुस्तकांत वेगळी लिहिली जाई. ती या दोन अटींतूनच आपोआप निघते.

या व्याख्येची दोन टोके पाहिली की तिचा आवाका कळतो. अवकाश म्हणजे नुसता एक बिंदू घ्या. सरकायला जागाच नाही, म्हणून अँकर सगळ्यांना शून्य देतो आणि उरते ते निव्वळ ली बीजगणित. उलट टोकाला, उपलब्ध हुकूम म्हणजेच अवकाशावरच्या सगळ्या सरकण्याच्या दिशा, ना कमी ना जास्त. तिथे अँकर काहीच बदलत नाही आणि उरते ती निव्वळ भूमिती. भोवरा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो.

पहिले टोक सोफस लीचे. १८४२ मध्ये नॉर्वेत जन्मलेला हा उंचापुरा गणिती १८७० साली पॅरिसमध्ये होता. फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, लीने इटलीकडे पायी जायचे ठरवले, आणि फोंतेनब्लो इथे तो जर्मन हेर म्हणून पकडला गेला. खिशातले गणिताचे कागद सांकेतिक लिपीतले वाटले, यात पोलिसांना फार दोष देता येत नाही. महिनाभर तुरुंगात काढल्यावर गास्ताँ दार्बू या गणितज्ञाच्या खटपटीने तो सुटला. पुढे त्याने उभारलेल्या सिद्धांताचा गाभा असा: सातत्याने बदलणाऱ्या सममितींचा अख्खा गट समजून घ्यायचा, तर त्याच्या अतिसूक्ष्म तुकड्याकडे पाहा, तिथे गटाचे वळणदार रूप सरळ होते आणि ब्रॅकेट असलेले एक साधे सदिश अवकाश हाती येते. दुसरे टोक एली कार्ताँचे. हा फ्रान्सच्या इझेर भागातल्या लोहाराचा मुलगा. बहुचल फलनांचे विकलन करणारी डी नावाची क्रिया आज ज्या रूपात शिकवली जाते, ते रूप तिला कार्ताँने दिले.

दोन्ही टोके एका सूत्रात ओवली गेली १९६७ मध्ये. चार्ल्स एरेसमाँ यांच्या परंपरेतले ज्याँ प्रादिन यांनी पॅरिस अकादमीच्या पत्रिकेत त्रोटक टिपणे प्रसिद्ध केली आणि ली अल्जिब्रॉइड हे नाव रूढ केले. बीजगणिताच्या भाषेत तीच कल्पना जॉर्ज राइनहार्ट यांनी १९६३ मध्ये मांडली होती, आणि त्याआधीही ती दुसऱ्या नावांनी डोकावून गेली होती. टिपणांना तपशिलाचे अंगरखे चढवण्याचे काम प्रामुख्याने किरिल मॅकेंझी यांनी केले. १९८७ आणि २००५ सालची त्यांची दोन पुस्तके अजूनही या विषयाची पायवाट आहेत.

आता डी कडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे.

कार्ताँचा डी फलनापासून सुरू होतो: फलन दिले, की प्रत्येक दिशेने ते किती बदलते याची यादी देतो. अशा यादीला एक-फॉर्म म्हणतात. एक-फॉर्मला डी लावला की दोन-फॉर्म मिळतो, जो दोन दिशा घेऊन एक संख्या देतो. आणि डी दोनदा लावला की नेहमी शून्य येते. अल्जिब्रॉइडवर हेच यंत्र जसेच्या तसे चालवता येते. फक्त ‘दिशे’च्या जागी ‘हुकूम’ ठेवायचा. फलनाचा डी म्हणजे हुकमाच्या अँकरकडे फलन किती बदलते ते. एक-फॉर्म थीटा असेल तर क आणि ख या हुकमांवर त्याचा डी असा: क च्या अँकरने थीटा(ख) किती बदलतो, त्यातून ख च्या अँकरने थीटा(क) किती बदलतो ते वजा, आणि त्यातून क-ख च्या ब्रॅकेटवरची थीटाची किंमतही वजा.

इथेही डी दोनदा लावला की शून्य येते. फलनांवर हे तपासायला गेलो तर ‘अँकर ब्रॅकेट जपतो’ हेच वाक्य हाती येते. एक-फॉर्मवर तपासले तर याकोबीची अट येते. म्हणजे डी-डी शून्य असणे हा व्याख्येचा परिणाम आहे असे म्हणण्याऐवजी तीच व्याख्या आहे असे म्हटले तरी चालते. अर्कादी वैन्त्रोब यांनी १९९७ मध्ये हे अगदी काटेकोरपणे लिहिले. मला स्वतःला ही मांडणी सर्वांत आवडते: अटींची यादी पाठ करण्यापेक्षा एक शून्य लक्षात ठेवणे सोपे.

ज्या फॉर्मचा डी शून्य तो बंद. जो फॉर्म आधीच दुसऱ्या कुणाचा तरी डी आहे तो एक्झॅक्ट. डी-डी शून्य असल्यामुळे प्रत्येक एक्झॅक्ट फॉर्म बंद असतोच. उलटे खरे असेलच असे नाही. बंद असूनही एक्झॅक्ट नसलेले फॉर्म किती, याचा ताळेबंद म्हणजे कोहोमॉलॉजी. निव्वळ भूमितीच्या टोकाला हा ताळेबंद अवकाशातली भोके मोजतो. जॉर्ज द राम यांनी १९३१ च्या प्रबंधात ते सिद्ध केले. निव्वळ बीजगणिताच्या टोकाला १९४८ मध्ये क्लोद शेव्हाले आणि सॅम्युएल आयलेनबर्ग यांनी तोच ताळेबंद ली बीजगणितांसाठी मांडला. एकाच सूत्राची ही दोन रूपे. मधल्या अल्जिब्रॉइडची कोहोमॉलॉजी काय मोजते? अवकाशाची भोके नव्हे आणि नुसते बीजगणितही नव्हे. ठरावीक हुकमांनीच हिंडायची मुभा असलेल्याला अवकाश कसे दिसते, ते ती सांगते.

भोवऱ्यावर हे करून पाहू. नुसत्या गोलपृष्ठावर एक बंद दोन-फॉर्म आहे जो एक्झॅक्ट नाही: क्षेत्रफळाचा फॉर्म. तो कुणाचा तरी डी असता, तर स्टोक्सच्या प्रमेयाने अख्ख्या गोलाचे क्षेत्रफळ शून्य आले असते. ते तर ४ पाय आहे. म्हणून गोलाच्या ताळेबंदात शून्याव्या पायरीवर एक, पहिलीवर काही नाही, दुसरीवर एक.

आता हाच क्षेत्रफळ-फॉर्म भोवऱ्याच्या अल्जिब्रॉइडवर नेऊ. क आणि ख हे दोन कोनीय वेग. अँकर त्यांना बाणाच्या सरकण्यात बदलतो, आणि त्या दोन सरकण्यांनी व्यापलेले क्षेत्रफळ काढले तर उत्तर येते: बाण आणि क-ख चा सदिश गुणाकार, यांचा अदिश गुणाकार. दुसरीकडे एक साधा एक-फॉर्म घ्या: थीटा(क) म्हणजे क आणि बाण यांचा अदिश गुणाकार. बोलीभाषेत सांगायचे तर ‘या कोनीय वेगातले किती फिरणे उभ्या रेषेभोवती आहे’. त्याचा डी काढू. पहिले पद बाण गुणिले क-ख चा सदिश गुणाकार. दुसरे पद तेवढेच पण उलट चिन्हाचे, ते वजा होताना अधिक होते, एकूण दोन. तिसऱ्या पदात ब्रॅकेट म्हणजे पुन्हा क-ख चा सदिश गुणाकारच, तो वजा. दोनातून एक गेला, उरला एक. जो उरला तो हुबेहूब वरचा क्षेत्रफळ-फॉर्म.

म्हणजे गोलावर जो फॉर्म कुणाचाच डी नव्हता, तो भोवऱ्याच्या दुनियेत थीटाचा डी आहे. ज्या तिसऱ्या पर्यायाची गोलावर खूणही उमटत नव्हती, त्या उभ्या रेषेभोवतीच्या फिरण्याने गोलाचे भोक बुजवले. पूर्ण ताळेबंद मांडला तर शून्याव्या पायरीवर एक, पहिली आणि दुसरी रिकामी, आणि तिसऱ्या पायरीवर एक. तिसरी पायरी गोलावर असूच शकत नाही, कारण तो दोनच मितींचा. ही आकडेवारी कुणाची आहे? त्रिमितीय अवकाशातल्या सगळ्या फिरण्यांच्या गटाची. निरीक्षकाने जगातली एकच दिशा टिपली होती, तरी त्या गटाची छाप ताळेबंदात शाबूत राहिली.

यांत्रिकीला हे उशिरा का होईना उपयोगी पडले. ॲलन वाइनस्टाइन यांनी १९९६ मध्ये लाग्रांजची यांत्रिकी ली अल्जिब्रॉइडवर कशी लिहायची ते दाखवले आणि एदुआर्दो मार्तीनेझ यांनी २००१ मध्ये ती भूमितीच्या अंगाने नीट बसवली. मुक्त कण, दृढ वस्तू आणि वजनदार भोवरा ही त्यात एकाच समीकरणाची उदाहरणे होतात. या परिसरात एक ओळखीचे नाव भेटते. दुसऱ्या श्रेणीच्या विकलन समीकरणांना भूमितीचे रूप द्यायचा प्रयत्न १९३३ मध्ये एका तरुण भारतीय गणितज्ञाने जर्मनीच्या ‘मॅथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’मध्ये केला, आणि त्याच अंकात त्यावर एली कार्ताँचे टिपण छापून आले. पुढे शीइंग-शेन चर्न यांची भर पडून त्या सिद्धांताला कोसंबी-कार्ताँ-चर्न असे नाव मिळाले. हे कोसंबी म्हणजे गोव्यात जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणूनच जास्त ओळखतो. अल्जिब्रॉइडवरची यांत्रिकी लिहिणारे आज ज्या वस्तूंशी खेळतात, त्यांच्यात कोसंबींनी अभ्यासलेली ती समीकरणे आहेत.

प्वासाँच्या १८०९ सालच्या ब्रॅकेटपासूनही असाच एक अल्जिब्रॉइड तयार होतो. त्याची कोहोमॉलॉजी आंद्रे लिश्नेरोविच यांनी १९७७ मध्ये अभ्यासली. तो रस्ता क्वांटम सिद्धांताकडे जातो. त्याला वेगळे प्रकरण लागेल.

व्याख्या सैल करण्याचे प्रयत्नही झाले. ‘व्यापक ली अल्जिब्रॉइड’ या नावाखाली रोमेनियाचे कॉन्स्टांटिन आर्कुश यांनी हुकमांचा साठा एका मॅनिफोल्डवर आणि अँकरच्या दिशा दुसऱ्यावर ठेवल्या. दोन्हींमध्ये जा-ये करणारे दोन नकाशे दिले. दोन्ही नकाशे ‘जागचे हलू नका’ असे म्हणणारे असले, की नेहमीचा अल्जिब्रॉइड परत मिळतो. डी, कोहोमॉलॉजी, सगळे शब्द नव्या घरात हलवता येतात. पण एक गोष्ट तपासून घ्यावी लागते. एका नकाशाने जाऊन दुसऱ्याने परतल्यावर आपण निघालो त्याच बिंदूवर आलो नाही तर? लाइबनित्सच्या नियमात दोन फलनांचा गुणाकार ठेवून दोन वाटांनी उलगडला, तर अँकरने दिलेली क्रिया ज्या बिंदूवर उत्तर देते त्याच बिंदूपाशी तिने फलन चाचपले पाहिजे, असे निघते. इथले फलन चाचपून तिथे उत्तर देणारी क्रिया नियमात बसत नाही. तेव्हा मूळ नियम जसाच्या तसा ठेवायचा असेल तर फेरी घरी परतलीच पाहिजे, निदान जिथे अँकर शून्य नाही तिथे तरी. आणि मग नवेपणा मुख्यतः नावनिशीचा आणि सोयीचा उरतो. खरोखर बिंदू हलवायचे असतील तर नियमालाच पीळ द्यावा लागतो. योनास हार्टविग, डॅनियल लार्सन आणि सर्गेई सिल्व्हेस्त्रोव यांनी २००६ मध्ये पीळ दिलेल्या याकोबी-अटीची ‘होम-ली’ बीजगणिते आणली, आणि त्याच धर्तीचे होम-ली अल्जिब्रॉइड पुढे २०१३ मध्ये लोरां-झांगू आणि तेलिश यांनी मांडले. व्याख्या रुंद करणे सोपे असते. रुंद केलेल्या जागेत खरेच कुणी राहते का, हे पाहण्याचे काम चिकाटीचे.

मला विचाराल तर अशी रुंद व्याख्या शोधण्याआधी जुन्या व्याख्येतलेच एक उदाहरण पुरते घुसळून पाहावे. टोरस घ्या, मेदूवड्याच्या पृष्ठभागासारखा. त्यावर एकच हुकूम ठेवा: आडव्या दिशेने एक पाऊल, उभ्या दिशेने अल्फा पावले, आणि असेच कायम चालत राहा. अल्फा परिमेय असेल तर वाट फिरून स्वतःला मिळते. अपरिमेय असेल तर ती कधीच मिळत नाही. टोरसभर दाट विणली जाते. हुकूम एकच असल्याने ब्रॅकेटमध्ये पाहण्यासारखे काही नाही आणि दोन-फॉर्म तर नाहीतच. एक-फॉर्म म्हणजे नुसते एक फलन जी. तो एक्झॅक्ट कधी? वाटेवरून चालताना ज्याच्या बदलाचा दर बरोबर जी येतो असे एक गुळगुळीत फलन एफ सापडले, तर.

फूरियेच्या पद्धतीने जी चे लाटांमध्ये पृथक्करण करा. आडव्या दिशेला म आणि उभ्या दिशेला न आवर्तने असलेल्या लाटेचा गुणांक घ्या आणि त्याला म + अल्फा न या संख्येने भागा (२ पाय वगैरे सोडून देऊ). एफ चा गुणांक मिळाला. म आणि न दोन्ही शून्य असतील तिथे भागता येत नाही, म्हणून जी ची सरासरी शून्य असावी लागते. ही एक अडचण म्हणजे कोहोमॉलॉजीतली एक मिती. आणखी अडचण नसावी, कारण अल्फा अपरिमेय असल्याने म + अल्फा न इतरत्र शून्य होत नाही. पण शून्य न होणे वेगळे आणि शून्यापासून दूर राहणे वेगळे.

अल्फा म्हणजे सुवर्ण गुणोत्तर घ्या, १.६१८०३३... . त्याला ८,३२,०४० ने गुणले की १३,४६,२६८.९९९९९९५ च्या आसपास येते. पूर्णांकापासूनचे अंतर जेमतेम एक कोटीत पाच. लहान आहे, पण बेसुमार लहान नाही: न दसपट झाला तर अंतर फार तर दहाव्या हिश्शाइतके खाली जाते. गुळगुळीत फलनाचे गुणांक न च्या कोणत्याही घातापेक्षा वेगाने घटतात, त्यामुळे अशा भागाकाराने त्यांचे काही बिघडत नाही. एफ गुळगुळीतच राहतो. ताळेबंदात पहिल्या पायरीवर बरोबर एक.

आता जोसेफ लिऊव्हिलची संख्या घ्या: ०.११०००१०००..., जिच्यात दशांश चिन्हानंतर १ल्या, २ऱ्या, ६व्या, २४व्या, १२०व्या अशा क्रमगुणितांच्या जागी १ आहे आणि बाकी सगळी शून्ये. तिला दहा लाखांनी गुणा. १,१०,००१ आणि पुढे सतरा शून्यांनंतर एक १. पूर्णांकापासूनचे अंतर १० चा उणे १८ वा घात. पुढच्या टप्प्यावर न हा १० चा २४ वा घात, आणि अंतर १० चा उणे ९६ वा. दहा लाखांच्या टप्प्याला अंतर न च्या घनाने एकाला भागल्याइतके होते, पुढे चौथ्या घाताने, त्यापुढे पाचव्या. कोणताही घात ठरवा, कधीतरी ही संख्या त्याच्या खाली जाते. आता फक्त या निवडक आवर्तनांच्या लाटांनी बनलेला एक जी रचा, ज्याचे गुणांक त्या अंतरांच्या वर्गमुळाइतके आहेत. जी गुळगुळीत आहे. भागाकार केला की गुणांक घटण्याऐवजी फुगत जातात, आणि एफ नावाचे फलनच उरत नाही. असे अनंत स्वतंत्र जी रचता येतात. पहिल्या पायरीची मिती अनंत.

दोन्ही ठिकाणी टोरस तोच, हुकूम एकच, वाट तितकीच दाट. डोळ्यांनी पाहून फरक सांगता येणार नाही. कोहोमॉलॉजी मात्र विचारते की अल्फाला अपूर्णांक किती जवळून चिकटतात. ग्रहमालेच्या स्थैर्याचा विचार करताना कोल्मोगोरोव, आर्नोल्ड आणि मोझर यांना १९५४ पासून पुढे जे ‘लहान भाजक’ छळत होते, तेच हे.

अपरिमेय संख्येचा आणखी मोठा हिसका लीच्या मूळ प्रश्नालाच बसला. गटातून ली बीजगणित निघते. मग प्रत्येक ली बीजगणित कुठल्या ना कुठल्या गटातून निघालेले असते का? हे लीचे तिसरे प्रमेय. सर्व ठिकाणी लागू होणारे रूप कार्ताँने १९३० मध्ये दिले आणि उत्तर ‘हो’ आहे. अल्जिब्रॉइडसाठी गटाची जागा ग्रुपॉइड घेतो: बिंदूपासून बिंदूपर्यंतचे बाण, जे टोकाला टोक जुळले तरच जोडता येतात. प्रादिन यांनी आपल्या टिपणांत इथेही उत्तर ‘हो’ असल्याचे जाहीर केले होते. जवळपास दोन दशके ते तसेच मानले गेले. १९८५ मध्ये रुई आल्मेदा आणि पिएर मोलिनो यांनी प्रतिउदाहरण दिले.

प्रतिउदाहरणाचा एक प्रकार असा. अवकाश म्हणजे दोन गोलपृष्ठांचा गुणाकार: एक बिंदू पहिल्यावर, एक दुसऱ्यावर. हुकूम म्हणजे सरकण्याची कोणतीही दिशा, आणि सोबत एक सुटी संख्या, जी अँकरला दिसत नाही. ब्रॅकेट लावताना त्या सुट्या संख्येत एका बंद दोन-फॉर्मची किंमत मिसळायची. तो फॉर्म असा निवडा की पहिल्या गोलाचे एकूण क्षेत्रफळ १ आणि दुसऱ्याचे २ चे वर्गमूळ. याकोबीची अट पाळली जाते, कारण फॉर्म बंद आहे. तिला या क्षेत्रफळांशी काही देणेघेणे नाही. ग्रुपॉइड उभारायला लागलो की मात्र ती पुढे येतात. बाण गोलाभोवती पूर्ण गुंडाळून परत आणला तर सुट्या संख्येत गोलाच्या क्षेत्रफळाइतका फरक पडतो, आणि तोच बाण असल्याने तो फरक शून्य धरावा लागतो. म्हणजे १ शून्य धरायचा, २ चे वर्गमूळही शून्य धरायचे, आणि त्यांच्या पूर्णांक पटींच्या सगळ्या बेरजा-वजाबाक्याही. ९९ मधून वर्गमुळाच्या ७० पटी वजा करा: ०.००५. ५७७ मधून ४०८ पटी: ०.०००९ च्याही आत. (५७७ भागिले ४०८ ही बौधायन शुल्बसूत्रातलीच किंमत.) असे करत कितीही लहान संख्या मिळते, म्हणून शून्य धरायच्या संख्या सबंध रेषेवर दाट पसरतात. त्या एकत्र चिकटवल्या की जे उरते त्याला गुळगुळीत म्हणायची सोय राहत नाही. दोन्ही क्षेत्रफळे १ आणि २, किंवा १ आणि ३/७ असती, तर काहीच बिघडले नसते.

बिघाड नेमका कधी होतो, याचे संपूर्ण उत्तर मारियस क्राइनिक आणि रुई लोया फर्नांडिस यांनी २००३ मध्ये ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये दिले. प्रत्येक बिंदूपाशी, अँकर ज्यांना शून्य देतो त्या हुकमांच्या साठ्यात, गोल गुंडाळून मिळणाऱ्या अशा फरकांचा एक गट असतो. हे गट सुटेसुटे असले, आणि एका बिंदूकडून दुसऱ्याकडे जाताना शून्याभोवती एकाएकी दाटी करत नसले, तर ग्रुपॉइड मिळतो; नाहीतर नाही. तीन वर्षांनी सेंग आणि चेनचांग झू यांनी दाखवले की गुळगुळीतपणाचा आग्रह थोडा सोडून ‘स्टॅक’ नावाच्या अधिक ढिल्या वस्तू चालवून घेतल्या, तर प्रत्येक ली अल्जिब्रॉइडला त्याचा ग्रुपॉइड मिळतो. वर्गमुळाचा तो अल्जिब्रॉइडही त्याला अपवाद नाही.